कुंपण आणि वहिवाट

‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही म्हण आपण राखणदाराच्या विश्वासघाताविषयी बोलताना वापरतो. परंतु ज्या भूमीला कुंपणाची गरज कधी भासलीच नव्हती, तिच्याभोवती कुंपण घालू पाहणाऱ्यांचा इतिहास याहून थोडा निराळा आहे. त्यात कुंपण घालणारा नेहमीच लुटारू असतो असे नाही. पुष्कळदा तो सुव्यवस्थेचा भोक्ता असतो. गावालगतचा माळ मोकळा पडलेला आहे, त्यावर गुरे हिंडतात, पोरे हुंदडतात, कोणीही येऊन कचरा टाकतो, भटके लोक पाले ठोकतात. तेव्हा त्याची नीट आखणी करावी, भोवती गज लावावेत, फाटक बसवून उघडझापीच्या वेळा ठरवाव्यात, असा विचार कोणाही कर्तव्यदक्ष कारभाऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ज्यांचे आयुष्य सरकारी कचेऱ्यांत गेले, अशा वाचकांपैकी काहींनी या स्वरूपाच्या कागदांवर सह्याही केल्या असतील. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या परिसरातील रहिवाशांनी नेमक्या अशाच सद्हेतूच्या कुंपणाला विरोध केला. त्या विरोधातून जे कायदे आणि ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्यांची हकिगत आपल्यालाही विचार करावयास लावणारी आहे.

प्रारंभ विंबल्डनपासून करू. आज हे नाव टेनिसमुळे जगभर ठाऊक आहे. परंतु १८६४ साली ते लंडनच्या नैर्ऋत्येचे एक उपनगर होऊ पाहणारे गाव होते. त्याच्या लगत, पटनीच्या माळासह, हजार एकरांहून अधिक मोकळी भूमी होती. अशा भूमीला इंग्रजीत ‘कॉमन’ म्हणतात. आपल्या गायरानाशी तिचे साम्य असले तरी एक भेद लक्षात ठेवावयास हवा. गायरान ही सामान्यतः सरकारची किंवा गावाची जमीन. कॉमनची मालकी मात्र त्या मुलखाच्या जमीनदाराकडे असे. गावातील ठराविक शेतांच्या व घरांच्या धारकांना तीवर गुरे चारण्याचा, सरपणासाठी काटेरी झुडपे तोडण्याचा, जळणाचा गवताळ थर किंवा खडी खणून नेण्याचा हक्क असे. जमीन एकाची आणि तिच्यावरचे हक्क अनेकांचे, अशी ही जुनी गुंतागुंत होती. १२३५ च्या मर्टनच्या कायद्याने जमीनदाराला एक सवलत दिली होती. हक्कदारांच्या गुरांना पुरेल इतका चारा शिल्लक ठेवून उरलेला भाग त्याने बंदिस्त करून घ्यावा, अशी ती सवलत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने एकामागून एक कायदे करून लक्षावधी एकर मोकळी भूमी याहून पुष्कळ सढळ हाताने खाजगी कुंपणांत घालू दिली.

विंबल्डनचा जमीनदार अर्ल स्पेन्सर हा काही दुष्ट मनुष्य नव्हता. उदारमतवादी पक्षात त्याला मान होता. १८६४ साली त्याने रहिवाशांची सभा बोलावून आपली योजना मांडली. माळ दलदलीचा आहे, त्यातून धुके उठते, लोक तेथे केरकचरा आणून टाकतात, जिप्सींचे तळ पडतात, असे त्याचे म्हणणे होते. यावर त्याने उपाय सुचविला तो असा : पटनीकडील सुमारे तिसरा हिस्सा विकावा, त्या पैशातून हक्कदारांची भरपाई करावी, उरलेल्या सुमारे सातशे एकरांतील पाण्याचा निचरा करून, त्याला कुंपण घालून लोकांसाठी उद्यान करावे, आणि त्यात आपल्यासाठी एक घर बांधावे. सार्वजनिक उद्यान मिळत असताना तक्रार कसली, असा प्रश्न त्या वेळीही पुष्कळांनी विचारला असेल. प्रथमदर्शनी योजना चांगलीच वाटत होती.

परंतु रहिवाशांनी समिती नेमली आणि योजनेचा मसुदा बारकाईने वाचला. हेन्री पीक या धनाढ्य व्यापाऱ्याने त्यात पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप विकल्या जाणाऱ्या तिसऱ्या हिश्श्यापुरता नव्हता; उरलेल्या दोन हिश्श्यांभोवतीच्या कुंपणालाही त्यांची हरकत होती. आज आम्ही या माळावर येतो ते कोणी येऊ देतो म्हणून नव्हे. उद्या फाटकातून आत येऊ ते मात्र कोणीतरी येऊ देईल म्हणून, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. योजनेचा कायदा होताच जुने सगळे हक्क विझणार होते आणि त्यांच्या जागी उद्यानाचे नियम येणार होते. भूमी तीच राहिली असती, झाडेही तीच राहिली असती; परंतु हक्काच्या जागी कृपा आली असती.

या प्रश्नाची चौकशी करण्यासाठी १८६५ साली पार्लमेंटची समिती बसली. तिच्यापुढे लंडनच्या नागरी कारभाराची जबाबदारी असलेल्या मेट्रोपॉलिटन बोर्डाचीही एक सूचना आली. जमीनदारांचे आणि हक्कदारांचे सर्व हक्क बोर्डाने विकत घ्यावेत, काही भाग इमारतींसाठी विकून तो खर्च भरून काढावा, आणि उरलेला भाग लोकांसाठी राखावा, असा तिचा आशय होता. हिशेबाच्या दृष्टीने ही सूचना निर्दोष होती. तथापि, लोकांची भूमी वाचविण्यासाठी लोकांचीच भूमी विकावयाची, हा त्यातील विसंवाद जॉर्ज शॉ-लफीव्हर या तरुण सभासदाच्या ध्यानात आला. त्याचे म्हणणे असे, की हक्कदारांचे जुने हक्क विकत घेऊन संपविण्याऐवजी जिवंत ठेवावेत. ते जिवंत असतील तोवर कोणालाच कुंपण घालता येणार नाही, आणि कुंपण नसेल तोवर भूमी सर्वांना मोकळी राहील. समितीचा कौल कुंपणांच्या विरुद्ध पडला. १८६६ साली कायदा होऊन लंडनच्या परिसरातील असे माळ बंदिस्त करण्याच्या परवानग्या थांबल्या. त्याआधी १८६५ मध्येच शॉ-लफीव्हरने ‘कॉमन्स प्रिझर्व्हेशन सोसायटी’ ही संस्था स्थापन केली होती. तिच्या प्रारंभीच्या पुरस्कर्त्यांत जॉन स्टुअर्ट मिलसारखा तत्त्वज्ञ होता.

विंबल्डनचा तंटा मात्र आणखी काही वर्षे कोर्टात चालला आणि अखेर तडजोड झाली. १८७१ च्या कायद्यान्वये अर्लने आपले हक्क सोडून दिले, आणि त्या माळापासून त्याला सरासरी जे उत्पन्न मिळत होते तितकी, म्हणजे वर्षाला १,२०० पौंडांची, नेमणूक त्याला बांधून देण्यात आली. माळाचा कारभार आठ विश्वस्तांकडे गेला. त्यांपैकी पाच जण आसपासच्या पाऊण मैलाच्या टापूतील पट्टी भरणाऱ्या रहिवाशांनी निवडावयाचे होते. माळ मोकळा आणि बिनकुंपणाचा ठेवणे हे त्यांचे कर्तव्य कायद्यानेच ठरवून दिले. दीडशे वर्षांनंतरही तो माळ मोकळाच आहे.

या लढ्यातील कायद्याची एक अडचण येथे सांगितली पाहिजे. तीवाचून पुढील हकिगत कळणार नाही. माळावर पाय मोकळे करावयास, हवा खावयास येण्याचा सर्वसामान्य लोकांचा म्हणून काही हक्क इंग्लंडचा जुना कायदा ओळखत नव्हता. गाईला चरण्याचा हक्क होता. माणसाला हिंडण्याचा नव्हता. लंडनची वस्ती जसजशी वाढली तसतशी गुरे कमी झाली आणि फिरावयास येणारी माणसे वाढली. म्हणजे ज्यांना हक्क होता त्यांना त्याची गरज उरली नाही, आणि ज्यांना गरज होती त्यांना हक्क नव्हता. सोसायटीच्या वकिलांनी यातून मोठ्या चातुर्याने वाट काढली. एखादा हक्कदार शोधावयाचा, कित्येक वर्षांत त्याने एकही गाय चरावयास सोडली नसली तरी चालेल, आणि त्याच्या नावाने, तसेच त्याच्यासारख्या इतरांच्या वतीने, दावा लावावयाचा. गाईच्या हक्काच्या आडोशाने माणसाचा हक्क उभा राहिला तो असा.

या युक्तीचे सर्वांत गाजलेले उदाहरण बर्कहॅमस्टेडचे. लंडनच्या वायव्येस असलेल्या या गावाच्या माळाचा सुमारे तिसरा भाग, म्हणजे चारशेहून अधिक एकर, १८६६ च्या आरंभी लॉर्ड ब्राउनलोच्या कारभाऱ्यांनी लोखंडी गजांच्या पाच फूट उंच कुंपणात घातला. त्याआधी गावकऱ्यांना करमणुकीसाठी जमिनीचा एक तुकडा देऊ करून त्यांची समजूत घालण्याचा प्रयत्न झालाच होता. ऑगस्टस स्मिथ हा सिली बेटांचा धारक. या परिसरातही त्याची जमीन होती, आणि त्यायोगे तो माळाचा हक्कदार होता. हक्कदाराच्या वाटेत कोणी अडथळा उभारला तर तो त्याने स्वतः दूर करावा, अशी मुभा कायद्याने दिलेली होती. सोसायटीच्या सल्ल्याने स्मिथने ती वापरण्याचे ठरविले.

१८६६ च्या ६ मार्चच्या रात्री लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून १२० मजूर घेऊन एक खास गाडी निघाली. ज्या ठेकेदारावर काम सोपविले होते तो ऐन वेळी दारू पिऊन निकामी झालेला आढळला. तेव्हा वकिलाच्या कचेरीतील एका कारकुनाने या फौजेचे सेनापतिपद पत्करले. मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास गाडी ट्रिंग स्टेशनात पोहोचली. चांदण्यात मजूर चालत माळावर गेले, त्यांच्या टोळ्या पडल्या, आणि हातोडे, छिन्न्या व पहारी घेऊन त्यांनी गजांचे सांधे निखळविण्यास प्रारंभ केला. सकाळी सहापर्यंत दोन मैलांहून लांब कुंपण आडवे झाले. विशेष हे, की एकही गज चोरीस गेला नाही वा वाकडातिकडा मोडला नाही. सारे व्यवस्थित रचून ठेवलेले होते. कारभाऱ्यांना जाग आली तेव्हा सगळे उरकले होते. उजाडल्यावर गावकरी गाड्याघोड्यांनिशी, पायी, सहकुटुंब माळावर आले. कित्येकांनी आपला हक्क बजावल्याची खूण म्हणून काटेरी झुडपाची डहाळी तोडून घरी नेली.

या प्रसंगात नाट्य पुष्कळ आहे, आणि म्हणूनच तो सांगितला जातो. परंतु त्याचे खरे महत्त्व पहारीत नसून त्यानंतरच्या दाव्यात आहे. कुंपण उभे राहिले असते तर ते पाडण्यासाठी हक्कदारांना कोर्टात जावे लागले असते; ते आडवे झाल्यामुळे कोर्टात जाण्याची पाळी जमीनदारावर आली. त्याने आगळिकीचा दावा केला. स्मिथने उलट दावा करून जुने दस्तऐवज खणून काढले. लॉर्ड ब्राउनलो १८६७ मध्ये वारला. १८७० साली लॉर्ड रोमिली या न्यायाधीशाने निकाल दिला तो स्मिथच्या बाजूने. रात्रीच्या चार तासांच्या कामाला न्यायाचा शिक्का मिळावयास चार वर्षे लागली.

या चळवळीत एक मनुष्य असा होता की त्याचे स्मरण हिंदी वाचकाला विशेष असावयास हवे. हेन्री फॉसेट हा केंब्रिजचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. १८५८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, शिकारीच्या वेळी वडिलांच्याच बंदुकीतील छरे लागून त्याचे दोन्ही डोळे गेले. तरीही तो पार्लमेंटात गेला. हिंदुस्थानच्या तिजोरीतून होणाऱ्या अन्याय्य खर्चाबद्दल त्याने तेथे इतक्या चिकाटीने प्रश्न विचारले की त्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ असे नाव पडले. १८६७ साली तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनात झालेल्या नृत्यसमारंभाचा खर्च हिंदुस्थानावर टाकला गेला, त्याबद्दल त्याने उठविलेला आवाज प्रसिद्ध आहे. १८७४ च्या निवडणुकीत तो पडला तेव्हा त्याच्या पुढील निवडणुकीच्या खर्चासाठी या देशात वर्गणी जमली. या फॉसेटने १८६९ साली पार्लमेंटपुढे आलेले वार्षिक बंदिस्तीचे विधेयक अडवून धरले. त्यात सुमारे सात हजार एकर भूमी बंदिस्त व्हावयाची होती, आणि सर्व लोकांच्या विरंगुळ्यासाठी त्यातून राखलेली भूमी अवघी तीन एकर होती. अशी विधेयके मंजूर करणे हा तोपर्यंत निव्वळ उपचार होऊन बसला होता. परक्या देशाच्या खजिन्यातील पै न् पै पाहणारा हा अंध मनुष्य स्वतःच्या देशातील हिरवळीचाही हिशेब मागत होता. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे : ज्यांना त्या सभागृहात आवाज नाही त्यांचे जे काही आहे ते त्यांच्या नकळत खर्ची पडू नये.

नगरपालिका नेहमीच कुंपणाच्या बाजूने उभ्या राहिल्या असेही नाही. लंडनच्या ईशान्येकडील एपिंगच्या अरण्यात जमीनदारांनी मोठमोठे तुकडे बंदिस्त केले होते. तेथे थंडीच्या दिवसांत झाडांच्या फांद्या सरपणासाठी छाटण्याचा लाउटन गावच्या लोकांचा जुना हक्क होता. टॉमस विलिंगेल नावाच्या म्हाताऱ्या लाकूडतोड्याने तो सोडून देण्याचे नाकारले. फांद्या तोडल्याबद्दल १८६६ साली गावच्या काही जणांना तुरुंगवास घडला. सोसायटीच्या साहाय्याने विलिंगेलने दावा लावला. परंतु १८७० साली तो वारला आणि दावा निकालाविना संपला. तेव्हा लंडन शहराचे कॉर्पोरेशन पुढे आले. शहराच्या दफनभूमीसाठी त्याने अरण्यालगत शेतजमीन घेतली होती, आणि त्या जमिनीला अरण्यात गुरे चारण्याचा हक्क चिकटलेला होता. तेवढ्या आधारावर कॉर्पोरेशनने १८७१ मध्ये दावा केला. १८७४ साली सर जॉर्ज जेसेल या न्यायाधीशाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि सुमारे तीन हजार एकरांवरील कुंपणे बेकायदेशीर ठरली. १८७८ च्या कायद्याने ते अरण्य लोकांसाठी मोकळे राहिले. १८८२ साली स्वतः व्हिक्टोरिया राणी तेथे येऊन गेली. लाउटनच्या लोकांना आपल्या फांद्या छाटण्याच्या हक्काबद्दल भरपाई मिळाली. तिच्यातून गावात एक सभागृह उभे राहिले.

सोसायटीचा वकील रॉबर्ट हंटर पुढे ऑक्टेव्हिया हिल आणि कॅनन रॉन्सली यांच्यासह १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’चा एक संस्थापक झाला. १९२५ च्या कायद्याने शहरी भागातील अशा माळांवर हवा खाण्यासाठी व व्यायामासाठी येण्याचा हक्क सर्वसामान्य लोकांस प्रथमच स्पष्टपणे मिळाला, आणि सरकारच्या संमतीवाचून त्यांवर कुंपण उभारण्यास बंदी झाली. गाईच्या मागे लपलेला माणूस साठ वर्षांनी उघडपणे पुढे आला.

येथवरची कथा विजयाची आहे. परंतु तिला अलीकडची एक पुरवणी आहे, आणि ती कमी सुखाची असली तरी अधिक उद्बोधक आहे. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे एखाद्या भूमीचा वापर तेथील रहिवाशांनी वीस वर्षे खेळण्या-बागडण्यासाठी केला असेल, तर ती ‘गावची हिरवळ’ म्हणून नोंदवून घेता येते; आणि एकदा नोंद झाली की तीवर इमारत किंवा कुंपण येऊ शकत नाही. अट एवढीच, की तो वापर बळजोरीने, चोरून किंवा परवानगीने झालेला नसावा. हीच आपली वहिवाट. यातील तिसरी अट सूक्ष्म आहे. व्हिटबी या किनाऱ्यावरील गावातील एका मैदानासाठी रहिवाशांनी असा अर्ज केला. तो पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१४ साली फेटाळला गेला. कारण असे, की ते मैदान नगरपालिकेने घरबांधणीच्या कायद्याखाली लोकांच्या विरंगुळ्यासाठीच ठेवले होते. तेव्हा लोक तेथे आले ते पालिकेने दिलेल्या अधिकाराने. स्वतःच्या वहिवाटीने नव्हे. मालक एखादा उदासीन जमीनदार असता तर कदाचित लोकांना हक्क मिळाला असता. मालक त्यांचीच हितचिंतक पालिका होती, म्हणून मिळाला नाही. १८६४ साली विंबल्डनच्या रहिवाशांनी ज्याची भीती बाळगली होती, तेच दीडशे वर्षांनी कायद्याच्या शब्दांत लिहिले गेले. कृपेने मिळालेल्या भूमीवर वहिवाट रुजत नाही.

हे सारे परमुलखातील आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत कंपनी सरकारने गुरे चारण्यावर फी बसविली, तेव्हा जमशेटजी जीजीभाई यांनी वीस हजार रुपये खर्चून ठाकूरद्वारच्या बाजूला समुद्रालगत कुरण विकत घेतले आणि गोरगरिबांच्या गुरांना ते मोकळे केले. चर्नी रोड या नावात त्या चरण्याची आठवण आहे, असे एक मत आहे. जमशेटजींचे औदार्य वंदनीय खरेच. परंतु तेथेही जे पूर्वी वहिवाटीने मिळत होते ते पुढे एका सज्जनाच्या दानाने मिळू लागले, हा फरक विसरता येत नाही. स्टेशनाच्या पाटीवर नाव राहिले. कुरण राहिले नाही.

आणि २०११ सालचा आपल्या सुप्रीम कोर्टाचा एक निकाल तर सरकारी नोकरीतील प्रत्येकाने वाचावा असा आहे. पंजाबातील एका गावात सार्वजनिक तळ्याच्या जागेवर काही जणांनी भराव घालून घरे बांधली. ग्रामपंचायतीने दाद मागितली तेव्हा जिल्ह्याच्या कलेक्टराने असे ठरविले, की आता त्यांना उठविणे लोकहिताचे होणार नाही; पंचायतीने सरकारी दराने जमिनीची किंमत वसूल करून घ्यावी. वरिष्ठ अधिकाऱ्याने हा हुकूम फिरविला, आणि सुप्रीम कोर्टाने त्याचेच म्हणणे उचलून धरले. गावाची सामायिक भूमी पैसे घेऊन नियमित करून देण्याची वस्तू नव्हे, असे सांगून अशी अतिक्रमणे हटविण्याच्या योजना आखण्याचे आदेश कोर्टाने सर्व राज्यांना दिले. त्या हुकुमात कलेक्टराने ‘लोकहित’ हाच आधार घेतला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अर्ल स्पेन्सरचा आणि मेट्रोपॉलिटन बोर्डाचाही आधार तोच होता.

प्रत्येक कुंपण वाईट असते असा या इतिहासाचा निष्कर्ष नव्हे. लहान मुलांच्या बागेला गज हवेत, रोपवाटिकेला काटेरी तार हवी, आणि अतिक्रमणापासून माळ राखावयाचा तर कधी कधी हद्दीचे खांबही हवेत. परंतु असा कागद मेजावर आला म्हणजे खर्चाच्या आणि सोयीच्या प्रश्नांआधी एक प्रश्न विचारला जावा : आज या भूमीवर जो मनुष्य येतो तो कोणत्या नात्याने येतो, आणि कुंपण झाल्यानंतर तो कोणत्या नात्याने येईल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागदपत्रांत बहुधा सापडत नाही. पायवाटेची नोंद नसते, गुराख्याचा अर्ज नसतो, संध्याकाळी पारावर बसणाऱ्यांची पावती नसते. बर्कहॅमस्टेडला स्मिथला जुने दस्तऐवज मिळाले. प्रत्येक गावाला ते मिळतातच असे नाही. ज्याची नोंद नाही ते अस्तित्वात नाही असे समजणे ही कचेरीची जुनी सवय आहे. विंबल्डनचे रहिवासी त्या सवयीशी झगडले, आणि त्यांच्या सुदैवाने त्यांचे म्हणणे ऐकून घेणारी एक समिती त्यांना भेटली. अशी समिती होण्याचे काम पुढे कधीतरी आपल्याकडेही येईल, हे ध्यानात ठेवणे बरे.